टीव्हीवर सगळे जाडे नाहीतर लांबुडके दिसतायत? एसडी आणि वाइडस्क्रीनचा घोळ पायरी पायरीने असा सोडवा

नवीन मोठा टीव्ही घेतला, सेट-टॉप बॉक्स जोडला, आणि बघतो तर बातम्या देणारे सगळे गुबगुबीत, गाडीची चाकं लंबगोल. मग रिमोटवरचं झूमचं बटण दाबत बसायचं, काहीतरी बरं दिसलं की तिथे थांबायचं, आणि पुढचं चॅनल लावलं की परत पहिले पाढे पंचावन्न. असं होतं कारण चित्राचा आकार तीन ठिकाणी बदलला जाऊ शकतो, चॅनलवाल्यांकडे, बॉक्समध्ये आणि टीव्हीमध्ये, आणि तिघांनी आपापलं डोकं चालवलं की कोणी काय केलं ते कुणालाच कळत नाही. उपाय सोपा आहे, आकाराचं काम एकाकडेच द्यायचं आणि बाकीच्यांना गप्प बसवायचं. ते कसं करायचं ते खाली लिहिलंय, नवीन लोकांसाठी आहे म्हणून थोडं पाल्हाळ झालंय, चालवून घ्या.

सुरू करायच्या आधी एवढं जवळ ठेवा:
- टीव्हीचा आणि बॉक्सचा, दोघांचे ओरिजिनल रिमोट (एकच युनिव्हर्सल रिमोट असेल तर बरेचदा त्यात मेन्यूची नेमकी बटणं नसतात)
- मोजायची टेप किंवा लांब पट्टी
- टीव्हीच्या मागे डोकवायला टॉर्च
- जुने कार्यक्रम दाखवणारं एखादं एसडी (साध्या, कमी बारकाव्याचं) चॅनल आणि एखादं एचडी (जास्त बारकाव्याचं) चॅनल, दोन्हीचे नंबर लिहून ठेवा
- रेकॉर्डिंगच्या फाइली असतील तर कॉम्प्युटर, त्यात व्हीएलसी (व्हिडिओ चालवायला) आणि मीडियाइन्फो (फाइलची माहिती बघायला), दोन्ही फुकट मिळतात

१. आधी आकार आणि बारकावा वेगळे करा

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. वाइडस्क्रीन म्हणजे एचडी नाही. टीव्ही प्रसारणात एचडी हे कायम वाइडस्क्रीन असतं हे खरं, पण उलटं नाही, एसडी चॅनल आरामात वाइडस्क्रीन असू शकतं.

आकार म्हणजे रुंदी आणि उंचीचं प्रमाण. जुना टीव्ही ४:३, म्हणजे उंचीच्या १.३३ पट रुंद, हे प्रमाण मूकपटांच्या जमान्यापासून आलेलं. नवीन १६:९, म्हणजे १.७८ पट. हा १६:९ आकडा कुठून आला तर १९८० च्या दशकात अमेरिकेत केर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने तेव्हा चालू असलेल्या सगळ्या प्रमाणांचे, टीव्हीच्या ४:३ पासून रुंद सिनेमाच्या २.३५ पर्यंत, एकाच क्षेत्रफळाचे आयत कापले आणि मध्य जुळवून एकावर एक ठेवले. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत १.७७ चा निघाला आणि सगळ्यांमध्ये समान असलेला आतला आयतसुद्धा १.७७ चाच. म्हणजे १६:९ हा कुणाच्याच पूर्ण सोयीचा आकार नाही, सगळ्यांची थोडी थोडी गैरसोय करणारा आहे, आणि काळ्या पट्ट्या कुठे ना कुठे दिसणारच, हे आत्ताच मान्य करून टाका म्हणजे पुढचा निम्मा त्रास वाचतो.

बारकावा म्हणजे किती ओळी आणि किती ठिपके. एसडीचे मुख्य दोन प्रकार. ५० हर्ट्झवाल्या पद्धतीत (पॅल वगैरे) एकूण ६२५ ओळी, त्यातल्या चित्राच्या ५७६. ६० हर्ट्झवाल्या पद्धतीत (एनटीएससी) एकूण ५२५, चित्राच्या साधारण ४८०. डिजिटल करताना १९८२ मध्ये जे स्टँडर्ड ठरलं, ज्याला आज रेक ६०१ म्हणतात, त्यात दोन्हीसाठी एका ओळीत ७२० ठिपके ठरले. ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, २०,७३,६००. बरोब्बर पाचपट. ४८० ओळींचं एसडी घेतलं तर बरोब्बर सहापट.

आता गंमत बघा, एसडी चॅनल ४:३ असो की १६:९, ठिपके तेवढेच, ४,१४,७२०. तेच ठिपके जास्त रुंदीवर पसरले. त्यामुळे "वाइडस्क्रीन केलं तरी क्लिअर का नाही" या प्रश्नाचं उत्तर असं की क्लिअर होण्यासारखं काही घडलेलंच नाही.

२. ७२० बाय ५७६ चं गणित का जुळत नाही

७२० भागिले ५७६ करा, १.२५ येतं. म्हणजे ४:३ पण नाही आणि १६:९ पण नाही. इथे बरेच जण चक्रावतात. कारण एसडीचे ठिपके चौरस नसतात, दाखवताना ते आडवे ताणायचे असतात, ४:३ साठी थोडे, १६:९ साठी बरेच. कॉम्प्युटरच्या चौरस ठिपक्यांत सांगायचं तर ४:३ वालं चित्र साधारण ७६८ बाय ५७६ होतं आणि १६:९ वालं १०२४ बाय ५७६. ४८० वाल्या पद्धतीत ६४० बाय ४८० (इथे ४:३ साठी ठिपके ताणायचे नाहीत, थोडे चेपायचे) आणि ८५४ बाय ४८०. (काही चॅनल बँडविड्थ वाचवायला एका ओळीत ७२० ऐवजी ५४४ किंवा त्याहून कमी ठिपके पाठवतात, आकार तोच राहतो, बारकावा जातो.)

मग ताणायचं किती हे टीव्हीला कळतं कसं? सिग्नलमध्ये एक छोटी खूण असते, ४:३ की १६:९ एवढंच सांगणारी. १६:९ चं चित्र बाजूंनी चेपून ७२० ठिपक्यांत बसवतात आणि खूण लावून देतात, की बाबा हे उलगडून दाखव. याला अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात. खूण नीट पोचली तर सगळं बरोबर. वाटेत हरवली तर माणसं लांबुडकी दिसतात, चुकीची लावली तर जाडी. एवढंच. बाकीचा सगळा लेख ही खूण कुठे हरवते त्याबद्दल आहे असं समजा.

३. वायर बघा

टीव्हीच्या मागे टॉर्च मारा. पिवळी-लाल-पांढरी अशी तीन पिनांची वायर असेल तर चित्र फक्त पिवळ्यातून येतंय आणि त्या पिवळ्यातून एचडी जाऊच शकत नाही. एचडीचं पॅकेज असो, बॉक्सवर एचडी लिहिलेलं असो, टीव्हीवर दिसणार एसडीच. हा सापळा इतका कॉमन आहे की कोणी "एचडीत फरक वाटत नाही" म्हटलं की मी आधी वायरच विचारतो. हिरवी-निळी-लाल असेल तर ती वेगळी, कंपोनंट, तिच्यातून एचडी जातं, पण आवाजाची वायर वेगळी लागते. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर विषय संपला, तीच लावा.

जुन्या अ‍ॅनालॉग वायरीवर १६:९ ची खूण पॅलमध्ये २३ नंबरच्या ओळीत जायची, युरोपातल्या स्कार्ट जोडणीत तर आठव्या पिनवर साधं व्होल्टेज असायचं, साधारण ६ व्होल्ट म्हणजे १६:९ आणि १२ व्होल्ट म्हणजे ४:३. अ‍ॅनालॉग वायर वापरणं भागच असेल तर बॉक्स ही खूण पाठवेलच असं धरू नका, मग आकार टीव्हीवर हाताने लावावा लागेल.

४. बॉक्सची सेटिंग, खरं काम इथेच आहे

एचडीएमआयने बॉक्स जेव्हा ७२०पी, १०८०आय किंवा १०८०पी (हे एचडीचे प्रकार) पाठवतो तेव्हा ती चौकट कायम १६:९ चीच असते. बॉक्सने आत ४:३ चं चित्र ठेवलंय की १६:९ चं, हे टीव्हीला चौकटीवरून कळत नाही, त्याला सगळं एकसारखंच दिसतं. म्हणून टीव्हीवर ऑटो लावून काही उपयोग होत नाही आणि लोक टीव्हीलाच शिव्या घालत बसतात. आकार ठरवायचं काम अशा वेळी बॉक्सचंच, तर त्यालाच द्या.

बॉक्सच्या मेन्यूत दोन वेगळ्या सेटिंग असतात आणि त्यांची नावं अशी दिलेली असतात की गोंधळ व्हावाच:

- पहिली, टीव्हीचा आकार (टीव्ही टाइप, आस्पेक्ट रेशो, स्क्रीन टाइप अशी काहीतरी नावं). हा प्रश्न तुमच्या काचेबद्दल आहे, चॅनलबद्दल नाही. टीव्ही रुंद असेल तर १६:९. जुना चॅनल चौकोनी दिसतो म्हणून इथे येऊन ४:३ करायचं नाही.
- दुसरी, न जुळणाऱ्या चित्राचं काय करायचं. इथे पिलरबॉक्स (बाजूंना काळ्या पट्ट्या), ओरिजिनल, नॉर्मल यातलं जे असेल ते निवडा. फुल, स्ट्रेच, फिल असलं काही निवडलं की ४:३ चं चित्र आडवं एक तृतीयांश जास्त ताणलं जातं, आणि गुबगुबीत मंडळी हजर.

ज्यांच्याकडे अजून जुना ४:३ टीव्ही आहे त्यांनी पहिल्यात ४:३ आणि दुसऱ्यात लेटरबॉक्स (वर-खाली काळ्या पट्ट्या). सेंटर कट किंवा पॅन अँड स्कॅन घेतलं तर पूर्ण स्क्रीन भरते खरी पण वाइडस्क्रीन चित्राचा पाव भाग, दोन्हीकडून एक अष्टमांश, कापला जातो. स्कोअर कोपऱ्यात असेल तर तोच जातो.

रेझोल्यूशन १०८० वर ठेवा. बॉक्समध्ये नेटिव्ह किंवा सोर्स असा ऑप्शन असेल तर त्यात एसडी चॅनल ५७६ मध्येच टीव्हीकडे जातं, खूण सोबत जाऊ शकते आणि टीव्ही स्वतः मोठं करतो. चांगल्या टीव्हीवर याने चित्र थोडं सुधारतं, पण चॅनल बदलताना स्क्रीन क्षणभर काळी होते. घरातल्या बाकीच्यांना ते आवडत नाही असा अनुभव आहे, तेव्हा विचार करून.

५. टीव्हीला गप्प बसवा

आता टीव्हीच्या मेन्यूत जा, पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट शोधा आणि साधं १६:९ लावा. ऑटो झूम, ऑटो वाइड, स्मार्ट वाइड असलं जे काही चालू असेल ते बंद.

शेजारीच जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, १:१, डॉट बाय डॉट यातलं एक नाव सापडेल, ते चालू करा. ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे लपवायची पद्धत होती, ओव्हरस्कॅन म्हणतात, कारण ट्यूबच्या कडेला चित्र नीट बसायचं नाही. सपाट पॅनेलला त्याची गरज नाही, तरी ती सवय सेटिंगमध्ये राहिलीये आणि कडांचा थोडा भाग उगाच कापला जातो. ओव्हरस्कॅन बंद केल्यावर काही एसडी चॅनलच्या डावी-उजवीकडे बारीक काळी रेघ दिसेल. घाबरू नका, ७२० ठिपक्यांतले मधले सातशेच्या आसपासच खऱ्या चित्राचे असतात, कडेचे राखीव.

पॅनोरमा किंवा वाइड झूम नावाचा एक प्रकार असतो, मधला भाग बरोबर ठेवतो आणि कडा ताणतो. लोकांना वाटतं जमलं. खालची धावती पट्टी बघा मग कळेल, अक्षरं उजवीकडून जाडजूड येतात, मध्यावर बारीक होतात आणि डावीकडे जाताना परत फुगतात. कॅमेरा आडवा फिरला की आख्खी भिंत वाकल्यासारखी होते. मला विचाराल तर हा मोड द्यायलाच नको होता.

आणि हो, ही सेटिंग बरेचदा प्रत्येक इनपुटसाठी वेगळी साठवली जाते. एचडीएमआय १ वर नीट केलं आणि बॉक्सची वायर नंतर २ मध्ये घातली तर सगळं परत करावं लागेल.

६. टेप घेऊन मोजा

डोळ्यावर विश्वास ठेवू नका, डोळे चुकीच्या आकाराला चार-पाच दिवसांत सरावतात. जुनं ४:३ चॅनल लावा आणि चित्र पॉझ करता आलं तर करा. १६:९ पडद्यावर ४:३ चं चित्र बरोबर बसलं असेल तर प्रत्येक बाजूची काळी पट्टी पडद्याच्या रुंदीच्या बरोबर एक अष्टमांश असते. म्हणजे काच ९६ सेंमी रुंद असेल तर डावीकडे १२, उजवीकडे १२, मध्ये ७२ सेंमी चित्र. पट्टी त्याहून कमी असेल तर कोणीतरी अजून ताणतंय किंवा कापतंय.

दुसरी परीक्षा गोल वस्तूची. घड्याळ, गाडीचं चाक समोरून, गोल लोगो, काहीही जे खरंच गोल आहे. उंची आणि रुंदी मोजा, सारखी आली पाहिजे. १५ सेंमी उंच गोल २० सेंमी रुंद भरला तर ४:३ चं १६:९ झालंय. फक्त चॅनलच्या लोगोवर एकट्यावर निकाल देऊ नका, तो वरून नंतर चिकटवलेला असतो, आतलं चित्र ताणलेलं असून लोगो बरोबर असू शकतो. खरं तर तोच पुरावा आहे, लोगो गोल आणि चाक लंबगोल असेल तर गडबड चॅनलवाल्यांकडची, तुमच्याकडची नाही.

७. तरीही विचित्र दिसतंय? हे बघा

चारही बाजूंना काळं आणि मध्ये छोटं चित्र: वाइडस्क्रीन कार्यक्रम आधी ४:३ च्या चौकटीत वर-खाली पट्ट्या घालून बसवला, मग त्या ४:३ ला तुमच्या बॉक्सने बाजूच्या पट्ट्या घातल्या. इथे, आणि फक्त इथेच, टीव्हीचं झूम बिनधास्त वापरा. फक्त चॅनलने खालच्या काळ्या पट्टीत बातम्या सरकवल्या असतील तर त्या कापल्या जातील. आणि क्वालिटीची अपेक्षा ठेवू नका, अशा चित्रात ५७६ पैकी ४३२ ओळीच खऱ्या असतात, बाकी १४४ ओळी काळा रंग पाठवण्यात गेल्या.

एचडी चॅनलवर बाजूला पट्ट्या: जुना ४:३ कार्यक्रम आहे, चॅनलने १९२० पैकी मधले १४४० ठिपके वापरलेत. हे बरोबर आहे, हात लावू नका. काही चॅनल काळ्याऐवजी नक्षी टाकतात.

एचडी चॅनलवर वर-खाली पट्ट्या: रुंद सिनेमा आहे. हेही बरोबर.

वर-खाली अगदी बारीक पट्ट्या आणि बाजूने किंचित कापलेलं: १४:९ असेल. ब्रिटनमध्ये ४:३ कडून १६:९ कडे जाताना ही तडजोड बरीच वापरली गेली, त्या काळच्या कार्यक्रमांत दिसते. सोडून द्या.

चॅनलनेच ताणलेलं: वर सांगितलेल्या लोगोच्या परीक्षेत पकडलेलं. तेवढा कार्यक्रम होईपर्यंत टीव्हीवर ४:३ करा, माणसं माणसांसारखी दिसतील, लोगो बारीक होईल तो होऊ द्या. नंतर परत १६:९ करायला विसरू नका.

चॅनलनेच वर-खाली कापून १६:९ केलेलं: डोकी कपाळापासून गायब असतात. याला घरबसल्या उपाय नाही, कापलेला भाग सिग्नलमध्येच नाही.

काळ्या पट्ट्यांनी टीव्ही खराब होतो का? एलसीडी-एलईडीला नाही. प्लाझ्मा आणि ओएलईडीत रोज तासन्‌तास एकाच जागी तीच पट्टी राहिली तर मधला भाग आणि कडा वेगवेगळ्या झिजू शकतात, तेवढं लक्षात ठेवून अधूनमधून पूर्ण स्क्रीनचं काही बघत जा.

८. आकार बरोबर पण धूसर

इथपर्यंत आलात तर आकार सुटला, आता उरला बारकावा, आणि त्यात फार काही करता येत नाही. ५७६ ओळी १०८० वर पसरल्या की धूसर दिसणारच. टीव्हीची शार्पनेस वाढवू नका, उलट कमी करा, जास्त शार्पनेसने चेहऱ्यांभोवती पांढरी कड येते आणि कॉम्प्रेशनचे चौकोन उठून दिसतात. थोडं लांब बसा. आणि एचडी चॅनलवर जुना एसडी कार्यक्रम लागला तर तो मोठा करून दाखवलेला एसडीच, वरचा आकडा काहीही असो.

९. रेकॉर्डिंग किंवा फाइल असेल तर

फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडा आणि तीन गोष्टी बघा, रुंदी-उंची, डिस्प्ले आस्पेक्ट रेशो आणि स्कॅन टाइप. ७२० बाय ५७६ आणि १६:९ दिसलं तर फाइल ठीक आहे. ७२० बाय ५७६ आणि ५:४ असं दिसलं तर खूण हरवलीये. व्हीएलसीत ए हे अक्षर दाबत गेलात की आकार बदलत जातो, कुठल्या आकारात चाक गोल दिसतं ते बघा, तीच बरोबर खूण.

आता सगळे करतात तो उद्योग करू नका, म्हणजे आकार सुधारायला फाइल परत कन्व्हर्ट करत बसणं. प्रत्येक कन्व्हर्टमध्ये क्वालिटी जाते. एफएफएमपेगसारख्या टूलने व्हिडिओ जसाच्या तसा कॉपी करून फक्त आस्पेक्टची खूण बदलता येते, काम क्षणात होतं आणि एकही ठिपका बदलत नाही. नंतर व्हीएलसीत परत उघडून खात्री करा, काही प्लेअर आतल्या व्हिडिओची खूण मानतात आणि काही बाहेरच्या डब्याची, म्हणजे एमकेव्ही किंवा एमपी४ ची.

स्कॅन टाइप इंटरलेस्ड असेल, आणि एसडी प्रसारणाचं रेकॉर्डिंग बहुतेक तसंच असतं, तर हलत्या गोष्टींच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतील. कारण एक फ्रेम दोन फेऱ्यांत येते, आधी एक आड एक २८८ ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या २८८, आणि तेवढ्यात चेंडू पुढे गेलेला असतो. व्हीएलसीत डी दाबलं की डीइंटरलेस, म्हणजे हे दाते काढणं, चालू होतं. कन्व्हर्ट करावंच लागलं तर क्रम कायम हाच, आधी डीइंटरलेस, मग आकार. उंची आधी बदललीत तर ते दाते चित्रात कायमचे मिसळतात आणि नंतर कुठल्याच टूलने निघत नाहीत, म्हणून मूळ फाइल डिलीट करायची घाई नको.